सावडीचा दिवस

झुंबरचं नाव गंगापूर रोडवरच्या साइटच्या हजेरीत होतं आणि झुंबर स्वतः पेठकडच्या गावी गुडघाभर चिखलात उभा राहून भाताची रोपं लावत होता. साइटवर त्याच्या जागी बहिरू गेला होता. झुंबरची आवणी, म्हणजे भाताची लावणी, अडली होती, आणि ऐन स्लॅबच्या दिवशी गैरहजर राहिला असता तर त्याची तिथली जागा गेली असती. बहिरू म्हणाला, "मी जातो तुझ्या बदली. तू माझंबी खाचर लावून टाक." गावात याला सावड म्हणतात. दिवसाला दिवस फिटतो, पैशाचा संबंध येत नाही.

मुकादम गोरक्षला हे सगळं ठाऊक होतं. त्याने झुंबरच्या नावाने हाक मारली, बहिरूने हजर म्हटलं, आणि मुकादमाने ते चालवून घेतलं. माणसं भरली की त्याचं काम झालं. दुपारी परांची मोडली. तिसऱ्या मजल्यावरून बहिरू खाली पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं.

बांधकामाचा मालक असलेल्या शेठने सरळ हात वर केले. आमचा मजूर झुंबर, तो तर ठणठणीत आहे. हा बहिरू कोण? हजेरीत नाव नाही, म्हणजे आपल्या पायांनी आत शिरला असेल. ज्या पायांवर तो माणूस पुन्हा उभा राहणार नव्हता, त्या पायांबद्दल शेठ असं बोलू शकला. अशा माणसांची जीभ झडत नाही, हे एक नवलच आहे.

बहिरूच्या वतीने मोहिनी वकीलबाईंनी कामगार कोर्टात भरपाईचा दावा लावला. सगळी भिस्त झुंबरच्या साक्षीवर होती. गोरक्षने त्याला गाठून वॉचमनच्या कायम नोकरीचं गाजर दाखवलं. फक्त एवढंच सांगायचं होतं, की त्या दिवशी साइटवर मीच होतो. झुंबरने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून साइटचं तोंड पाहिलं नाही.

पण वकीलबाईंना वेगळीच धास्ती होती. "साक्षीत खरं तेच सांगा," त्या म्हणाल्या. "पण ते तुम्हालाच बहिरूचा मालक ठरवू पाहतील. त्याचं देणं माझ्यावर आहे, असं बोलून बसलात तर शेठ अंग काढून घेईल. तुमच्याकडून बहिरूला काय मिळणार आहे?"

तारखेला बहिरूला उचलून आणलं आणि दाराजवळच्या बाकावर टेकवून बसवलं. बायको चंद्रभागा त्याला धरून होती. झुंबरने घडलं ते सगळं सांगितलं. मुकादमाला बदली माहीत होती, हेही सांगितलं.

शेठचा वकील गोड हसला. "म्हणजे बहिरू तुमची अडचण भागवायला गेला?"

"हो साहेब."

"तुमच्या शब्दावर गेला. तुमचं काम करायला गेला. मग त्याचं देणं तुम्हीच लागता, नाही का?"

हो, माझंच देणं आहे, जन्मभराचं आहे, असं ओरडून सांगावं असं झुंबरला वाटत होतं. पडल्याची बातमी गावात आली त्या घडीपासून तो स्वतःलाच गुन्हेगार समजत होता. त्याने बाकाकडे बघायचं टाळलं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "त्याच दिवशी मी त्याचं खाचर लावलं. दिवसाला दिवस फिटला. माझ्याकडं त्याचं काय बाकी नाय. स्लॅब शेठचा होता."

बहिरूने मान खाली घातली.

वर्षभराने निकाल लागला. स्लॅब शेठचा, कामावर घेणारा मुकादम शेठचा, तेव्हा भरपाई शेठनेच द्यायची. शेठने कुरकुरत का होईना, पैसे भरले. झुंबर मोठ्या आशेने बहिरूच्या घरी गेला.

"वहिनी, कोर्टात मी तसं बोललो ते..."

"खोटं बोललात का, भावजी?" चंद्रभागाने विचारलं.

"नाय."

"मग झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या आवणीला बहिरूच्या खाचरात रोजाच्या बाया आल्या. झुंबर न बोलावता त्यांच्यात शिरला आणि दिवसभर खाली मान घालून रोपं लावत राहिला. संध्याकाळी घरापुढच्या अंगणात चंद्रभागा एकेकीच्या हातावर मजुरी ठेवत आली. झुंबरपाशी येऊन तिने तेवढेच पैसे पुढे केले.

"मी मजुरीला आलो का वहिनी?" झुंबर म्हणाला. "सावडीनं आलो."

तिचे डोळे भरून आले होते, पण हात तिने मागे घेतला नाही. ओटीवरच्या खाटेवरून बहिरू सगळं बघत होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि झुंबरला तेच सोसवेना.

"घे रं," बहिरू म्हणाला. "तुझा दिवस मी आता कशानं फेडू?"

झुंबरने हात पुढे केला.