पाचशे नंबरची पाटी

अहो, थांबा! ते पुन्हा लोड करायचं बटण दाबू नका, आधी मला वाचा. मी पाचशे नंबरची पाटी बोलतेय. मला बघून लोक कपाळाला हात लावतात, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्यासमोर यायला मी किती उतावीळ असते, ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही एखादी साइट उघडता, तेव्हा तुमचा ब्राउझर कुठल्यातरी सर्व्हरकडे पान मागतो. सर्व्हर धडधाकट असला तर पान येतं. त्याच्या आतच काही मोडलं, तर पानाऐवजी मला धाडतात. माझी एक चुलत बहीण आहे, चारशे चार. नसलेलं पान कुणी मागितलं की ही हजर. तिचे काय ते लाड! लोक तिचा आकडा छापलेले टी-शर्ट घालून मिरवतात. माझा टी-शर्ट पाहिलाय कधी? जाऊ दे.

माझा जन्म एका रक्तपेढीच्या ऑफिसात झाला. पेढीच्या साइटवर रक्तदात्यांची यादी होती. त्या काळी सर्व्हर पडला की आपलं सगळं रडगाणं पडद्यावर ओतायचा, फाइलींची नावं काय, ओळींचे आकडे काय! लोक घाबरून पेढीत फोन करायचे आणि ते सगळं अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचे. फोनवर बसणाऱ्या मावशी वैतागल्या. डॉक्टरांच्या टेबलापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "काल एकाने मला तीन ओळी नुसते कंस वाचून दाखवले, डॉक्टर. मी काय करू त्या कंसांचं?"

डॉक्टरांनी साइट सांभाळणाऱ्या बाईंना हाक मारली. त्यांना सगळे घाईबाई म्हणत. चहासुद्धा त्या उभ्याउभ्याच प्यायच्या. त्यांनी चहाच्या दोन घोटांच्या मध्ये मला लिहून काढलं. चार ओळी, शेवटच्या ओळीत मावशींचा फोन नंबर. स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघितलं, "झकास!" म्हणाल्या आणि मला एका फोल्डरमध्ये ठेवून निघून गेल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. सर्व्हर जरा अडखळला की मी एका पायावर तयार! आज पडतोय, उद्या पडतोय. पेढीचं काम अडलं तरच मला काम मिळणार, हे कळत होतं हो. लाजही वाटायची. पण मन काही ऐकेना.

आणि एका मंगळवारी, सकाळी अकराला, सर्व्हर पडला! प्रत्येक कामाची नोंद ठेवायची त्याला सवय, जुन्या नोंदी कुणी काढल्याच नव्हत्या, शेवटी जागा संपली. मला धाडण्यापुरताच काय तो जीव उरला. मला हुकूम आला. मी जी सुसाट निघाले, ती थेट एका घरातल्या कॉम्प्युटरपाशी.

तिथे बसले होते मास्तर. पस्तीस वर्षं टायपिंगचे क्लास घेऊन निवृत्त झालेले. त्यांची लेक दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन. तिचा रक्तगट दुर्मिळ, म्हणून दाता शोधून ठेवा असं सांगितलेलं. मास्तर यादी उघडत होते. मी आनंदाने पडद्यावर उडी मारणार, तोच ब्राउझरने दारात अडवलं.

"वजन किती?"

"दोनशे एक्क्याण्णव बाइट."

"फक्त? पाचशे बाराच्या वर असलेल्यांनाच आत सोडतो मी. एवढ्याशा पाटीत माणसाला समजेल असं काय असणार! हो बाजूला."

कॉम्प्युटर मजकूर बाइटमध्ये मोजतो. त्या काळच्या त्या ब्राउझरचा नियमच होता, की सर्व्हरकडून आलेली पाटी फार छोटी असली तर ती दाबून ठेवायची आणि आपली तयार पाटी लावायची. त्याने ती लावली. "पान दाखवता येत नाही. तुमचं कनेक्शन तपासा." मी मागे उभी राहून नुसती हात चोळत होते. अहो मास्तर, कनेक्शनला काही झालेलं नाही! नंबर माझ्याकडे आहे!

मास्तरांनी कनेक्शन तपासलं. वायरी काढून पुसल्या, परत लावल्या. कॉम्प्युटर चारदा बंद करून चालू केला. दर वेळी मी धावत यायचे, दर वेळी वजनात हरायचे.

"अगं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय," ते काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले.

"मग सरळ पेढीत फोन करा ना."

"नंबर त्या साइटवरच आहे!"

असे अडीच तास गेले. शेवटी काकूंनी चपला घातल्या आणि त्या पेढी शोधत निघाल्या. खिडकीशी पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. "आमचा कॉम्प्युटर बिघडलाय हो, यादी दिसत नाही. लेकीला उद्या रक्त लागणार आहे."

"तुमचा कशाला? आमचाच सर्व्हर पडलाय!" मावशी म्हणाल्या. त्यांनी कपाटातून जुनी हाताने लिहिलेली वही काढली आणि भराभर फोन लावायला घेतले. सातव्या फोनला एक गवंडी मिळाला. तो कामावरून तसाच आला, कोपरापर्यंत सिमेंट. मावशींनी त्याला आधी नळाखाली उभं केलं.

घाईबाई मागे उभ्या होत्या. "पण मी तर पाटी लावली होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसली नाही?"

"कसली पाटी? तिथे तर आमचंच कनेक्शन तपासा म्हणून लिहिलं होतं."

लेकीचं ऑपरेशन नीट पार पडलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नाही पडला तो एका मास्तरांचा. चार दिवसांनी, पाटी का दिसली नाही ते बघायला घाईबाई त्यांच्या घरी गेल्या, तर कॉम्प्युटरवर चादर टाकलेली.

"मी आता त्याला हात लावणार नाही," मास्तर म्हणाले. "अडीच तास घालवले मी. पोरीच्या जिवावर बेतलं असतं, माझ्या अडाणीपणामुळे."

घाईबाईंनी चादर काढली, डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दोन मिनिटं सर्व्हर पाडा."

"अहो, आत्ता कुठे उभा राहिलाय, परत पाडायचा?"

"पाडा हो!"

मी धावले. ब्राउझरने मला अडवलं आणि आपली पाटी लावली. घाईबाई बघतच राहिल्या. स्वतःच्या मशीनपलीकडे त्यांनी मला कधी बघितलंच नव्हतं! मग त्यांनी माझं वजन बघितलं, नियम शोधून काढला, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं.

"हिला जाड करायला हवं," त्या म्हणाल्या. "मधे न दिसणारा मजकूर भरायचा. काहीही चालेल."

"काहीही?" मास्तर पहिल्यांदाच खुर्ची ओढून पुढे झाले. "सरका जरा."

त्यांनी दहाही बोटं ठेवली आणि खाली न बघता टाइप केलं, "बोटं जागेवर ठेवा, नजर कागदावर ठेवा, घाई करू नका." क्लासमध्ये पस्तीस वर्षं घोटून घेतलेलं वाक्य. तीनदा टाइप केलं. घाईबाईंना हसू आवरेना. मी मात्र भरत चालले होते, अंगात बळ आल्यासारखी!

"डॉक्टर, पुन्हा पाडा!"

मी निघाले. काय सांगू, इतकी धडधड मला जन्मात झाली नव्हती. ब्राउझरने तोललं. साडेसहाशेच्याही वर! तो मुकाट्याने बाजूला झाला, आणि मी पडद्यावर! अख्खी! पहिल्यांदा!

मास्तरांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आमचा सर्व्हर बंद पडला आहे. तुमच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. चूक आमची आहे, तुमची नाही." इथे ते थांबले. तीच ओळ परत वाचली, या वेळी मनात. मग चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "ऐकलंत ना?" एवढंच म्हणाल्या.

घाईबाईही खाली बसल्या. काकूंनी दिलेला चहा त्यांनी बसून प्यायला.

हल्लीचे ब्राउझर वजन विचारत नाहीत. मास्तरांच्या त्या तीन ओळी आता कामाच्या नाहीत, पण माझ्या पोटात अजून तशाच आहेत, आणि त्या कुणी काढू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं काम. तुम्हाला मी दिसतेय, म्हणजे सर्व्हर पुन्हा पडलाय, आणि तुम्ही रक्त शोधताय. वायरी काढू नका, स्वतःला बोल लावू नका. चौथ्या ओळीत नंबर आहे. मावशी फोनपाशी बसल्यात आणि वही उघडी आहे. लावा!