धाकटीची बरणी

नवरा होता तोवर बागेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची गरजही पडली नव्हती. ती शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. तिचं राज्य स्टिअरिंगवर, त्याचं मातीवर. ती त्याला माळीबुवा म्हणायची, तो तिला ड्रायव्हरीणबाई. गेल्या थंडीत माळीबुवा घेवड्याचे वेल काढता काढता छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

नेमकी त्याच सुमारास त्याच्या धाकट्या बहिणीची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डोंगरापलीकडच्या गावातून भाच्याचा फोन आला, "मामी, आईला एवढ्यात काही सांगू नकोस. धक्का सोसायचा नाही तिला. बरी झाली की मी सांगतो." एवढ्यात म्हणता म्हणता उन्हाळा आला. भाच्याला काही तोंड उघडायचं धाडस झालं नाही. माळीबुवांना फोनचा पहिल्यापासून तिटकारा, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकू येत नाही याचं धाकटीला नवल वाटलं नाही. पण उन्हाळ्यात ते दोघं गाडीने डोंगर ओलांडून तिच्याकडे जायचे, आणि जाताना परसातल्या जर्दाळूचा जॅम न्यायचे. तो कधी चुकला नव्हता. यंदा बरणी गेली नाही, तर न सांगताच सगळं सांगितल्यासारखं झालं असतं.

म्हणून तिने कंबर कसली. आधी बागेने तिची परीक्षा घेतली. भर दुपारी पाणी घालून तिने काकड्या करपवल्या, तण समजून कोथिंबीर उपटली. टोमॅटो तर तिच्यावर सूड उगवल्यासारखे एकाच बाजूने सडले. जर्दाळूचं झाड तेवढं शहाणं. मालक असो नसो, ते लगडलं. तिला त्याचा रागच आला. एवढं बहरायला तुला लाज कशी वाटत नाही, असं ती त्याला मोठ्याने म्हणाली, आणि मग परडी घेऊन शिडीवर चढली.

जॅम करताना तिने त्याला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पातेल्यातला रस गार बशीवर टाकायचा, बोटाने ढकलायचा, सुरकुती पडली की झालं. पहिलं पातेलं तिने करपवलं. दुसरं इतकं पातळ झालं की पेल्यात ओतून प्यावं. तिसऱ्या वेळी मात्र सुरकुती पडली. तिने चाखून पाहिलं, आणि ती गॅस बंद करून खालीच बसली. हुबेहूब त्याची चव होती. तेव्हा रडू यायला हवं होतं, पण तिला वाटलं ते एवढंच, की जमलं बाई, आता पितळ उघडं पडत नाही.

फक्त धाकटीची बरणी भरताना तो तिला नेहमी स्वयंपाकघरातून हाकलायचा. "तुझं इथं काय काम? जा, टायरातली हवा बघ जा." बहीणभावाचं काहीतरी लाडाकोडाचं असेल, म्हणून तिने कधी विचारलं नाही. यंदा तिने त्या बरणीसाठी फळं दोनदा तपासली. टणक बी दाताखाली येऊन धाकटीला त्रास व्हायला नको.

घाटात गाडी चढताना शेजारची जागा रिकामी होती. बरणी तिने तिथेच ठेवली, आणि पट्टाही लावला. तो असता तर प्रत्येक फाट्यावर चुकीचा रस्ता सांगून भांडला असता. वाटेतल्या ज्या टपरीवर ते चहाला थांबायचे, तिथे ती थांबली नाही. टपरीवाल्याने साहेब कुठे आहेत विचारलं असतं, आणि तिच्याकडे आता एकाच खोट्यापुरतं बळ उरलं होतं.

धाकटी दारातच उभी होती. वाळली होती, पण रंग परतला होता. "दादा कुठाय?"

"गुडघा धरलाय हो, वन्सं. एवढा वेळ गाडीत बसवत नाही त्यांना. पण जॅम स्वतःच्या हाताने केलाय तुमच्यासाठी."

"गुडघ्याला काय धाड भरली त्याच्या," धाकटी म्हणाली. तिने बरणी घेतली आणि टेबलाशी बसून उघडली. एक चमचा खाल्ला. मान डोलावली. ड्रायव्हरीणबाईच्या जिवात जीव आला.

मग धाकटीने वाडगा ओढला आणि सगळा जॅम त्यात उपसायला लागली. चमच्याने तळ खरवडला, वाडग्यातलं चाळवलं, परत बरणीत डोकावली.

"बी कुठाय?"

"कसली बी? छे हो, मी दोनदा बघितलं. एकसुद्धा राहू दिली नाही मी."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. धाकटीने चमचा खाली ठेवला.

"आई जॅम करायची तेव्हा एक बी आत टाकायची. ज्याला मिळेल त्याचं दुसऱ्याने एक ऐकायचं. दादा अजून टाकतो. माझ्या बरणीत, दर वर्षी." तिने रिकामी बरणी दूर सारली. "कधी गेला?"

"थंडीत. तुम्ही दवाखान्यात होता. धक्का बसेल म्हणून आम्ही..."

"म्हणजे मी बरी झाले म्हणून तुम्ही फोनवर हसत होतात. मीही हसत होते. दादाला सांगा म्हणायचे, आणि तुम्ही हो सांगते म्हणायचात." धाकटीचा आवाज चढला नाही, त्याचीच हिला भीती वाटली. "मला जगवलंत, उपकार झाले. पण वहिनी, माझ्या वाट्याचं रडू कुणाला विचारून काढून घेतलंत?"



धाकटी उठली. खिडकीतल्या कपातून तिने एक सुकलेली बी काढली. गेल्या वर्षीची, जिच्यावरचं मागणं अजून बाकी होतं. "यंदा त्याला आल्या पावली परत जाऊ देणार नव्हते. राहा म्हणून सांगणार होते." तिने ती बी हिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. "आता माझं तुम्ही ऐका. बाहेर जा. मला एकटीला रडू द्या."

ती निमूटपणे अंगणात आली आणि गाडीत जाऊन बसली. घरातून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. फळांतून बिया इतक्या जपून काढणारी ती, मूठ आवळून, मोकळ्या पट्ट्याच्या त्या जागेकडे तोंड करून रडायला लागली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. किल्लीकडे हात काही गेला नाही.