दीड इंची पिनेचं पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात भूमच्या पलीकडं एका पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा मी तिथं स्टोअरकीपर होतो. स्टोअर म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि कीपर म्हणजे तिच्यात भाजून निघणारा मी. कामावर डोझर एकच. तो मुरूम उकरून ढीग घालायचा आणि दोनशे बायामाणसं तो पाट्यांनी वाहून बांधावर टाकायची. डोझर थांबला की पाट्या थांबायच्या, पाट्या थांबल्या की हजेरी थांबायची, आणि हजेरी थांबली की चूल.

तर हा डोझर ऐन वैशाखात चेनची दीड इंची पिन मोडून बसला. नव्या पिनेसाठी मी वर तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, की पहिल्या पत्राची प्रत पाठवा. माझं डोकंच फिरलं. पण आमचा मिस्त्री ज्ञानोबा म्हणाला, "भाऊसाहेब, कागद ठिवा बाजूला. ट्रकाचा मोडका अ‍ॅक्सल हाय माझ्याकडं. बार्शीला लेथवर चार पिना कातून आनतो, पानी हितं देतो."

पाणी देणं म्हणजे लोखंड लाल करून तेलात बुडवायचं आणि नेमक्या वेळी बाहेर काढायचं. असतं तेलच, पण म्हणायचं पाणी. लवकर काढली तर पिन मऊ राहते आणि वाकते. उशीर झाला तर काचेसारखी तुटते. ती नेमकी वेळ ज्ञानोबाला पक्की ठाऊक होती, पण शिव्यांत.

खोटं सांगत नाही. हे काम तो हैदराबादेत एका म्हाताऱ्या उस्तादाकडं शिकला होता. उस्तादाला घड्याळ परवडत नव्हतं, शिव्या फुकट होत्या. त्यानं दखनीत शिव्यांची एक लांबलचक माळ रचली होती. अर्धा इंची पिनेला ती ठेकेदाराच्या शिवीपर्यंत म्हणायची, इंचीला नाकेदाराच्या शिवीपर्यंत, दीड इंचीला थेट शेवटपर्यंत. एका लयीत आणि मोठ्यानं. ज्ञानोबानं वीस वर्षं तसंच केलं आणि त्याची एक पिन कधी तुटली नाही.

नेमकं त्याच महिन्यात त्याच्या तारामतीला तेरचं स्थळ आलं. मुलगा बिभीषण एस.टी.त कंडक्टर, वडील गोरोबा गुरुजी. हे गुरुजी इतके सोज्वळ, की म्हणे गाढवालाही अहो-जाहो करायचे. ज्ञानोबाची बायको गिरिजाबाई नवऱ्याला ओळखून होती. तिनं त्याला लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की लग्न जमेपर्यंत तोंडातून एक शिवी जाणार नाही.

ज्ञानोबानं शपथ पाळली आणि पिनांची वाट लागली.

पहिली पिन त्यानं एक-दोन-तीन मोजून काढली. बसवताना घणाच्या दुसऱ्याच घावाला तिचे दोन तुकडे झाले. दुसरीला त्यानं माळ मनातल्या मनात म्हटली. मनात शिव्या फार पळतात. ती पिन वाकली. तिसऱ्या वेळी आमचे इंजिनिअर साहेब स्वतः मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेऊन उभे राहिले.

"किती सेकंद?" त्यांनी विचारलं.

"ते म्हनल्याबिगर कसं कळंल, साहेब?" ज्ञानोबा म्हणाला.

साहेबांनी अंदाजानं एक आकडा धरला. तीही तुटली. मग आम्ही बाकीच्यांनी माळ म्हणून बघितली. कुणाला सुरुवात येत होती, कुणाला मधलं, आणि मला फक्त चटका बसल्यावरचं.

डोझरनं आधी घातलेले ढीग संपले आणि दहा दिवस हजेरी बंद पडली. अकराव्या दिवशी बायांची मुकादम नागूबाई कमरेवर हात ठेवून भट्टीपुढं उभी राहिली.

"मिस्त्री, एकडाव तोंड सोडा की वो! दोनशे मानसाचं प्वाट हाय."

"लेकीची शपथ हाय, नागूबाई," ज्ञानोबा म्हणाला. गडी रडकुंडीला आला होता. मला त्याची दया येत होती आणि रागही. साहेबांनी तर सांगूनच टाकलं, की रविवारी पिन बसली नाही तर सोमवारी डोझर ट्रेलरवर चढवून परत पाठवणार. मग कामच बंद.

रविवारीच गुरुजी मुलगी बघायला येणार होते, पण दुपारच्या गाडीनं. म्हणून ज्ञानोबानं सकाळी दहालाच शेवटची पिन भट्टीत घातली. तारामती नेहमीसारखी पंखा फिरवत होती. लहानपणापासून भट्टीला वारा तीच घालायची. पिन लाल होऊ लागली आणि रस्त्यावर गुरुजी आणि बिभीषण दिसले. मुलाच्या ओळखीनं आधीची गाडी मिळाली होती.

गिरिजाबाईची त्रेधा उडाली. तिनं लेकीला पंख्यापासून ओढलं, पदरानं तिच्या तोंडावरची काजळी पुसली, म्हणजे अर्धी पुसली आणि अर्धी पसरवली. मी स्टोअरातल्या दोन खुर्च्या भट्टीपाशीच टाकल्या. दुसरी सावली होतीच कुठं?

"काम चालू द्या, मिस्त्री," गुरुजी मायेनं म्हणाले आणि तारामतीकडं वळले. "मुली, शाळा किती झाली?"

"सातवी."

"वा. काही पाठ असेल तर म्हणून दाखव."

तेवढ्यात पिनेला रंग आला. आता थांबलं तर लोखंड जळणार. ज्ञानोबानं सांडशीत पिन उचलली. त्याचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पलीकडं नागूबाई आणि तिच्या बाया रिकाम्या पाट्या उपड्या घालून बसल्या होत्या. तारामतीनं बापाकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. पिन तेलात गेली, तशी तिनं हात जोडले, नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवली आणि शाळेतल्या प्रार्थनेच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"अरे ओ गद्धे के बच्चे, कामचोर की औलाद! तेरे ठेकेदार के मूं पो मट्टी! तेरे नाकेदार की मूछां जल जावो..."

पुढचं मला इथं लिहिता येत नाही. लिहिलं तर या वयात माझी पेन्शन बंद होईल. गुरुजी पहिल्या ओळीला लयीत मान डोलावत होते, दुसऱ्या ओळीला मान थांबली. पोरगी मात्र एक अक्षर न गाळता शेवटपर्यंत गेली, आणि शेवटच्या शिवीला ज्ञानोबानं पिन बाहेर काढली.

त्यानं विटेच्या तुकड्यानं ती घासली. आतल्या उरलेल्या धगीनं घासल्या जागी पिवळा रंग चढला, मग जांभळा, तशी त्यानं ती पुन्हा बुडवून थंड केली. कानस लावली, ती घसरली, म्हणजे पिन मऊ नव्हती. ऐरणीवर ठेवून घण घातला. पिन ठणकन वाजली आणि शाबूत राहिली. ऑपरेटर बलभीम ती गोणपाटात गुंडाळून डोझरकडं पळाला. बायांनी एकच गलका केला.

इकडं मात्र गुरुजी निघायला म्हणून खुर्चीतून उठले होते.

"गुरुजी, दोष माझा हाय," ज्ञानोबा हात जोडून म्हणाला. "पोरीनं दोनशे मानसांपायी तोंड इटाळलं. तिला नावं ठिवू नका. लई गुनाची हाय वो..." मला बघवेना.

"मी म्हणून दाखव म्हणालो, तिनं म्हटलं," गुरुजी हळूच म्हणाले. "पण मी निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलोय हो, मिस्त्री. मला सगळं कळलं."

तेव्हा दुसऱ्या खुर्चीतला बिभीषण पुढं झाला.

"आबा, मला मुलगी पसंत हाय."

"विचार कर," गुरुजी म्हणाले. "उद्या हे सगळं तुला ऐकावं लागेल."

"माझी चूक नसली तर कशाला म्हनंल ती?"

तारामतीनं पहिल्यांदाच मान वर केली आणि त्याला नीट न्याहाळलं.

"आन् असली तर?"

"तर ऐकीन," बिभीषण म्हणाला.

गुरुजी परत खुर्चीत बसले.