मागून येणारा दगड

कुंभिवलीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. पलीकडं खाण. दुपारी भोंगा वाजला की सगळी बुद्धविहारात शिरतात. स्लॅब तेवढाच एक, बाकी घरांवर पत्रे.

सुरुंग उडतो. कधी एखादा दगड वस्तीत येतो. तो पडला की संपलं, असं सगळे धरून चालतात. मग कोणाचा पत्रा फुटला ते बघायला बाहेर. वर्षानुवर्षं हेच.

त्या दिवशी दगड सहदेवकाकाच्या अंगणात पडला.

"चला, बघू तरी," आई हसत निघाली. "काकाची न्हाणी गेली का संडास."

"तुला माझ्या संडासाची लय काळजी गं पुतळा," काका विहारातूनच म्हणाला.

ती अंगणात पोचली न् दुसरा दगड आला. वरून, जवळजवळ सरळ. तिच्या खांद्यावर.

उजवा हात आता वर जात नाय.

खाणीचा मॅनेजर म्हणाला, "हा दगड आमचा नाही. एका सुरुंगाचे दगड एकदमच पडतात. तुमच्याच पोरांनी मारला असेल."

मी बारावी नापास. दवाखान्यात बसून मोबाईलवर शोधत राहिलो. सोपं निघालं. दोन दगड सारख्याच वेगानं सुटले, एक पंधरा अंशात, एक पंच्याहत्तर अंशात, तर दोघं एकाच जागी पडतात. फक्त उंच गेलेला उशिरा येतो. तेवढ्यात माणूस अंगणात पोचतो.

सरपंचाला घेऊन गेलो. मॅनेजरच्या टेबलावर खडूनं दोन कमानी काढल्या. एक बुटकी, एक उंच. दोन्ही एकाच टिंबावर उतरवल्या.

मॅनेजर इंजिनियर. दोन्ही कमानींवरून बोट फिरवलं.

"बरोबर आहे तुझं. दगड आमचाच."

मी खूष झालो. गाढव.

"म्हणजे ती थोडी थांबली असती तर लागला नसता. बरोबर ना?"

"हो, पण..."

"मग खाणीची चूक काय? भोंगा वाजवला होता."

मी सरपंचाकडं बघितलं. त्याचे दोन डंपर खाणीतच चालतात.

"तुझंच गणित हाय रं, रत्नदीप," तो म्हणाला. "आमी काय बोलणार?"

आठवड्यानं खाणीवाल्यांनी विहाराच्या भिंतीवर बोर्ड लावला. पहिला दगड पडल्यावर लगेच बाहेर येऊ नये. खाली माझ्या दोन कमानी, लाल रंगात. सुरुंग आता दिवसातून दोनदा उडतो.

कोणी पाहुणा आला की आई डाव्या हातानं बोर्ड दाखवते. "आमच्या पोरानं काढलंय."