वत्सला नावाची चलती

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. मला रंग नाही, वजन नाही, ठेवायला कपाट लागत नाही. कोणी हाक मारली की मी असते आणि हाक संपली की पुढच्या हाकेची वाट पाहते. मी वत्सला. हसू नका! तुमच्या वर्गात या नावाची मुलगी नसणार, हे मला ठाऊक आहे.

मी मूळची संस्कृतातली. वत्स म्हणजे वासरू. वासरू दिसेनासे झाले की गाय मान उंचावून हंबरते आणि ते सापडले की त्याला चाटत बसते. त्या मायेला वात्सल्य म्हणतात, आणि वत्सला म्हणजे माया करणारी. आता माझे नाव लावणाऱ्या सगळ्याच मुली मायाळू निघाल्या, असा माझा दावा नाही. एक जण तर धाकट्या भावाच्या वाटचा खाऊ फस्त करून वर त्यालाच रडवायची. नाव फक्त शुभेच्छा देऊ शकते, पुढचे जिचे तिने पाहायचे.

एके काळी माझी फार चलती होती. एकेका वर्गात तीन-तीन वत्सला असत. बाई हजेरी घेऊ लागल्या की तिघी एकदम ‘हजर’ म्हणत आणि बाई कपाळाला हात लावत. मग उंच वत्सला, चष्म्याची वत्सला आणि बडबडी वत्सला अशी वाटणी व्हायची. घरी तर माझी वत्सू व्हायची, वच्छी व्हायची, आई रागावली की वच्छे व्हायची. मला त्याचे काही वाटत नसे. या मुली मोठ्या झाल्या. कोणी शिवणयंत्र चालवले, कोणी टेलिफोनच्या खोलीत बसून दूरदूरच्या माणसांची गाठ घालून दिली, कोणी रुग्णांच्या उशाशी बसून रात्री जागवल्या. त्यांच्या जिवावर मी खूप मिरवून घेतले.

मग वारे फिरले. लोकांना छोटे, सुटसुटीत आणि शेजारीपाजारी कोणाचे नसेल असे नाव हवेसे वाटू लागले. माझ्या मुलींच्या काकू झाल्या, काकूंच्या आज्या झाल्या. शाळेच्या हजेरीतून माझा मुक्काम दवाखान्याच्या बाकावर हलला. कंपाउंडर मला पुकारायचा आणि एखादी म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठायची. त्यातही सुख होते. पण पाळण्यातल्या बाळासाठी मला कोणी निवडेना, याचे वाईट वाटे.

अशात बंदरावरून निवृत्त झालेल्या एका मुकादमांना नात झाली. मुकादमांना त्यांच्या थोरल्या बहिणीने लहानाचे मोठे केले होते आणि तिचे नाव वत्सला होते. तेच नाव नातीला ठेवा, एवढाच त्यांनी हट्ट धरला.

सून म्हणाली, “बाबा, जरा जुनं वाटतं हो.”

“जुना तर मीही आहे. मला ठेवलंय ना घरात?”

सून हसली आणि मी पुन्हा पाळण्यात गेले. मित्रांनो, तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

नात पाचवीत जाईपर्यंत सगळे छान चालले होते. मग मुली तिला ‘वत्सलाआजी, काठी कुठंय?’ असे चिडवू लागल्या. तिने मैत्रिणींना सांगून टाकले, “मला नुसतं व्ही म्हणा.” वडिलांच्या मागेही तिने टुमणे लावले की नाव बदलून द्या. वडील कंटाळून म्हणाले, “वार्षिक परीक्षा होऊ दे. पुढच्या वर्षी नव्या शाळेत जाशील, तिथं हवं ते नाव घाल.” आजोबांना यातले काहीच माहीत नव्हते. गावात माझी तेवढी एकच मुलगी उरली होती, आणि तीही आता जाणार होती.

रोज शाळा सुटली की आजोबा फाटकाशी उभे राहून मला हाक मारत. मैत्रिणींसमोर ती ओ देत नसे. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसे. आजोबा पुन्हा हाक मारत, चार पावले पुढे येऊन आणखी एकदा मारत. गर्दी पांगली की मग ती निघे. जहाजाच्या भोंग्यालाही न हरणारा आपला आवाज बसला, असे आजोबांना वाटू लागले. घरी जाऊन ते मिठाच्या पाण्याने गुळण्या करत.

शाळेसमोर एका सुताराचे दुकान होते. दप्तराला लावायच्या लाकडी नावपट्ट्या तो कोरून विकायचा. त्याचे बाक मागच्या भिंतीकडे तोंड करून होते, त्यामुळे रस्ता दिसत नसे. शाळा सुटताना मुलांना कोणत्या नावाने हाका येतात ते तो कान देऊन ऐके आणि ज्या नावाच्या हाका जास्त, त्या नावाच्या पट्ट्या जास्त कोरे. त्याने ओळीने वत्सला कोरायला घेतल्या.

गल्ल्यावर बसलेली बायको म्हणाली, “अहो, हे नाव आता कोण ठेवतंय?”

“अगं, रोज ऐकतोय मी. डझनभर तरी असतील.”

पट्ट्या दर्शनी भागात लागल्या आणि एकही खपेना.

एके दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी पट्टी घ्यायला ती मुलगी दुकानात आली आणि समोरची ओळ पाहून थबकली.

“एवढ्या कोणासाठी?” तिने विचारले.

सुतार बाकावरूनच म्हणाला, “या नावाची सध्या फार चलती आहे. ऐक, आत्ता हाका सुरू होतील.”

बाहेरून आजोबांची हाक आली. “वत्सलाऽऽ!”

सुताराने बोट वर केले. “ही एक. थांब... ही दुसरी. ही बघ, तिसरी! आणि गंमत म्हणजे, या सगळ्या पोरींना न्यायला आजोबाच येतात. एकही आजोबा चिडत नाही बघ.”

आजोबांची हाक तिने आजवर टाळली होती, अशी उभी राहून कधी ऐकली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिने एक पट्टी हातात घेतली, “काकू, पैसे उद्या देते,” म्हणाली आणि दारातूनच ओरडली, “आले, आजोबा!”

सुताराच्या बायकोने हे सारे पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सुताराने कान देऊन ऐकले, तर हाक एकदाच आली. “गेली वाटतं त्या नावाची चलती,” तो हळहळला आणि उरलेल्या पट्ट्या त्याने खोक्यात भरल्या. माझा पडता काळ पुन्हा सुरू झाला, असे तुम्हाला वाटेल. पण खरे सांगते, त्या दिवसाइतकी सुखी मी कधीच नव्हते. परीक्षेनंतर वडिलांनी हळूच विचारले तेव्हा ती म्हणाली, “आहे तेच राहू दे.”

म्हणून मित्रांनो, तुमचे नाव जुने असो की नवे, ते कोणीतरी तुमच्यासाठी मायेने निवडलेले असते. त्याला जपा. हाक आली की ओ द्या. बाहेर कोणीतरी उभे असते.

आजोबा मात्र त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटले आहेत, “गुळण्यांचा गुण आला बरं का! आता एका हाकेत आवाज पोचतो.” आणि शेजारी उभी असलेली वत्सला गंभीरपणे मान डोलावते.