एकुलता एक शिष्य

केयूरला लहानपणापासून परक्या दारांची भीती, आणि देवाची करणी अशी की ऐन तारुण्यात दोन वर्षं त्याच्या नशिबी दुसऱ्यांची दारं ठोठावणंच आलं. पुण्यातलं त्याचं घर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं. त्यांच्या मंडळीत मुलगा जाणता झाला की दोन वर्षं धर्म शिकवायला घराबाहेर पडतो. केयूरला बेंगळुरूला पाठवलं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर ‘एल्डर’ ही प्रचारकाची पदवी लिहिलेली काळी पट्टी आणि सोबतीला कायम एक जोडीदार. बेल जोडीदाराने वाजवायची. केयूर मागे उभा राहून मनातल्या मनात प्रार्थना करायचा, की दार उघडू नये.

बहुतेक वेळा देव त्याचं ऐकायचा. एकदा मात्र दार उघडलं आणि आत शिरीष निघाला, सावंतवाडीचा, बेकरीत कामाला. मराठी कानावर पडल्याबरोबर त्याने दोघांना जेवायलाच बसवलं. पुढे काही महिन्यांनी केयूरने त्याला स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला. दोन वर्षं उन्हातान्हात वणवण करून हा एवढा एकच माणूस त्याच्या पदरात पडला होता, आणि त्याचा केयूरला कोण अभिमान!

नंतर त्याला मस्कतच्या अल् खुवैर भागात नोकरी लागली. तिथली त्यांची मूठभर मंडळी शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमायची. तिथल्या प्रमुखांनी पहिल्याच भेटीत त्याला बाजूला घेतलं. “इथे आपण आपल्यापुरती प्रार्थना करायची. बाहेर कुणाला धर्म शिकवायचा नाही. इथला कायदा आहे, आणि आपण पाहुणे आहोत.” हे ऐकून दुसरा एखादा हिरमुसला असता. केयूरच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

असे सुखाचे दिवस चालले असताना शिरीषचा फोन आला.

“एल्डर! मी मस्कतमध्ये! हमरियात बेकरीत लागलो. आणि ऐका, रूमवर शिकवायला सुरुवातपण केली. जनार्दनकाका ऐकतात. नुमान तर रोज प्रश्न विचारतो.”

“नुमान कोण?”

“रत्नागिरीचा. आमच्या मॅनेजरचा, हुसैनमियाँचा पुतण्या.”

केयूरच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रात्री त्याला घास गेला नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र: शिरीषला कुणीतरी पुढ्यात उभं करून विचारतंय, ‘तुला हे कोणी शिकवलं?’ आणि शिरीष सरळ नाव सांगतोय. सांगणारच! खोटं बोलायचं नाही, हे केयूरनेच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. मग नोकरी गेली, व्हिसा गेला, कदाचित तुरुंगही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो तडक हमरियाला गेला. मोबाइलच्या दुकानावरची खोली. दार उघडंच होतं, तेवढीच देवाची कृपा. आत जनार्दनकाका स्टोव्हपाशी बांगडे तळत होते. शिरीष धावत आला आणि त्याने केयूरला मिठीच मारली.

“काका, हेच ते माझे एल्डर!”

“हळू बोल,” केयूर म्हणाला. “शिरीष, हे आजपासून बंद. नुमानशी तर एक शब्द नाही.”

“पण तुम्हीच म्हणाला होता, भिणाऱ्याने देवाचं काम करू नये.”

“ते बेंगळुरूत.”

शिरीषला आधी थट्टाच वाटली. तो हसला. मग केयूरचा चेहरा बघून थांबला. “म्हणजे गाव बदललं की देव पण बदलतो?”

केयूर काही बोलणार, एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. हुसैनमियाँ दारात उभे राहिले. पांढरी दाढी, कपाळाला आठ्या, धाप लागलेली.

“हे कोण?”

आपल्या धर्माच्या लोकांनी किती छळ सोसला, हे त्याने शेकडो घरांत रंगवून सांगितलं होतं. त्यातलं आता काही आठवेना. गळ्यातल्या कार्डावर त्याच्या एसी कंपनीचं नाव होतं, ते त्याने चटकन पुढे धरलं.

“एसी बघायला आलोय.”

“बोलावलं कुणी?”

केयूरने शिरीषकडे पाहिलं. एखादं पोर आईकडे बघतं, तसं.

“मी, चाचा,” शिरीष म्हणाला. “पाणी गळतं.”

जनार्दनकाकांनी मान वर केली नाही. बांगडा उलटला.

“मग बघा,” हुसैनमियाँ म्हणाले. केयूर कंपनीत बिलं करायचा, एसी त्याने कधी उघडला नव्हता. तो स्टुलावर चढला आणि हाताला लागलं ते झाकण ओढलं. शिरीषने स्टूल धरलं.

“आता तू बोल शिरीष. नुमान घरी कायबाय विचारतो. कोण शिकवतंय त्याला?”

“मी.”

“आणि तुला कोणी शिकवलं?”

केयूरने एसीची जाळी घाईघाईने ओढली. धूळ खाली शिरीषच्या केसांवर पडली.

“कुणी नाही, चाचा. माझं मीच वाचलं.”

हुसैनमियाँ खाटेवर बसले. “अरे, तू चांगला पोरगा आहेस. पण नुमानच्या बापाला कळलं तर तो पोलिसात जाईल. मग मी तुला वाचवू शकणार नाही. उद्या तिकीट काढतो. घरी जा. खलास.”

“आत्ताच तर आलो, चाचा. आईला काय सांगू?”

“तब्येत बिघडली म्हणून सांग.”

ते निघून गेले. चपला जिना उतरल्या, तरी केयूर स्टुलावरच होता. आता खाली उतरून शिरीषला तोंड द्यायचीही त्याला भीती वाटत होती.

शिरीषने त्याला हात देऊन उतरवलं. दोरीवरचा टॉवेल काढून त्याच्या हातांची धूळ पुसली, दोन्ही हात, बोटांच्या बेचक्यांतली सुद्धा.

“घाबरू नका, एल्डर,” तो म्हणाला. “विमानतळावर कुणी विचारलं, तरी तुमचं नाव घेणार नाही.”

केयूरच्या जिवात जीव आला. इतकं हलकं त्याला शिरीषच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.