पॅसिव्ह मास्तर

चिंचवडातली पोरं मला मागून 'पॅसिव्ह मास्तर' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. खडकीला एका कचेरीत गोऱ्या साहेबांच्या हाताखाली मी तेवीस वर्षं कारकुनी केली. लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एका पत्रात लिहून मोकळा झालो, की चुकीचं बिल मी पाठवलं. साहेबानं माझी बढती रोखली. हेडक्लार्क म्हणाला, "अरे शहाण्या, बिल चुकीचं पाठवलं गेलं, असं लिहायचं. कचेरीच्या वाक्यात माणूस ठेवायचा नसतो." ती खूणगाठ मी अशी घट्ट बांधली, की पेन्शन मिळेपर्यंत मला कोणी बोट लावू शकलं नाही.

१९५८ साली गावाबाहेरच्या माळावर रंगाचा कारखाना उभा राहिला. ज्यांची जमीन त्यात गेली, त्यांना घरटी एक नोकरी द्यायचं कंपनीनं कबूल केलं होतं. कारकुनी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यायची. नापास झालं तर मजुरी. आणि एकदा काय ते मिळालं की त्या घराचा हक्क संपला. परीक्षेत वाक्यांच्या जोड्या असायच्या, त्यातलं योग्य वाक्य निवडून खूण करायची. त्या तयारीसाठी सकाळी माझ्या ओसरीवर सात-आठ जण यायला लागले.

त्यांत आकुर्डीची रंभा होती. मॅट्रिक झालेली, नवऱ्यानं टाकलेली, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. त्यांचा मळा कारखान्याच्या कुंपणात गेला होता. घरात लिहिता-वाचता येणारी ही एकटीच. बुद्धी तल्लख, आणि जीभही. पहिल्याच आठवड्यात तिनं 'आय मेड अ मिस्टेक' या वाक्यावर खूण केली.

"चूक," मी म्हणालो. "'अ मिस्टेक वॉज मेड बाय मी.' जिथं शंका, तिथं पॅसिव्ह."

"पन मास्तर, ह्ये कसं साधं हाय. वाचल्याबरूबर कळतंय."

"कचेरीत साधं चालत नाही."

"आन मला शंकाच आली न्हाई तर?"

बाकीचे खो खो हसले. माझं डोकं फिरलं. ते वाक्य मी तिला पन्नास वेळा लिहायला लावलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा पन्नास. महिन्याभरात ती वठणीवर आली. मान खाली घालून मी सांगेन त्या वाक्यावर खूण करू लागली. मला फार समाधान वाटलं. ते शिकवल्याचं समाधान नव्हतं, एका बाईची जीभ बंद केल्याचं होतं. आता कबूल करायला माझं काय जातंय!

परीक्षा झाली आणि तिसऱ्या दिवशी कंपनीतून बोलावणं आलं. तिथले अधिकारी नानासाहेब यांना पेपर तपासायला इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता. काम पसंत पडलं तर हेडक्लार्कची खुर्ची तुमचीच, असं ते म्हणाले. घरी बसून सुनेची टोमणेबाजी ऐकत होतो, त्यामुळे खुर्ची म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. यातल्या काहीजणांना मी शिकवलंय का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांनी उत्तरांचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. दहापैकी आठ जोड्यांत साधं, अॅक्टिव्ह वाक्य बरोबर धरलं होतं. मी तक्ता पुन्हा वरपासून वाचला.

"साहेबी अमदानीतलं आडवळणाचं इंग्रजी आता पुरे," नानासाहेब म्हणाले. "खोडलेली खूण मोजू नका. आणि तक्त्याबद्दल काही म्हणणं असेल तर सही करण्याआधी सांगा. मी बदल करीन. नंतर मात्र ऐकणार नाही."

पेपरांवर नावं नव्हती, नुसते आकडे. पण जिच्याकडून मी पन्नास पन्नास ओळी लिहून घेतल्या तिचं अक्षर मला कळणार नाही होय? सतरा नंबरचा पेपर रंभाचा होता. प्रत्येक जोडीत तिनं आधी साध्या वाक्यावर ठसठशीत खूण केली होती. त्या आठांपैकी सात ठिकाणी, आणि जिथं पॅसिव्हच बरोबर धरलं होतं त्या उरलेल्या दोन्ही ठिकाणी, ती खोडून पॅसिव्हवर दुसरी खूण केली होती. पहिल्या खुणा तशाच ठेवल्या असत्या तर ही पोरगी पहिली आली असती. पास व्हायला पाच गुण हवे होते, तिला तीन मिळाले. ओसरीवर जांभया देत बसणारे, माझं एक अक्षर न ऐकणारे दोघे पास झाले.

दोन्ही वाक्यं शुद्ध होती. दोन्हींना गुण द्यावेत, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर नानासाहेबांनी विचारलं असतं, बबनराव, तुम्हाला एवढा कळवळा का? मग शिकवणी बाहेर आली असती, आणि खुर्ची गेली असती.

संध्याकाळी ते आले. "काय बबनराव, तक्ता ठीक आहे ना?"

"अगदी ठीक आहे, साहेब," मी म्हणालो आणि सही केली.

सोमवारी मला खुर्ची मिळाली. त्याच सोमवारी रंभाला डबे पुसायच्या खात्यात घेतलं. मी तिला चुकवायला गोदामामागच्या वाटेनं जात असे. महिनाभर हे निभावलं. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याच वाटेवर ती समोर आली. कोपरापर्यंत हिरवा रंग, अंगाला रॉकेलचा वास, शेजारी तिच्याच खात्यातली कौशल्याबाई. मी मान वळवली, पण उशीर झाला होता.

"मास्तर!" ती केवढ्या आनंदानं ओरडली. मग कौशल्याबाईला म्हणाली, "ह्येच बघा माजे मास्तर. लई जीव तोडून शिकवलं ह्यांनी. मीच करंटी. पैल्यांदा मनाचंच करत गेले, मंग ह्यांचं आठवलं आन खोडत बसले. समदा पेपर घाण झाला. न्हाईतर पास झाले आसते. मास्तर, तुमचं नाव घालवलं मी."

आणि हाताचा रंग माझ्या धोतराला लागू नये म्हणून हात मागे धरून ती माझ्या पायांशी वाकली.

मी सांगायला हवं होतं. तिथंच, कौशल्याबाईसमोर. तोंड उघडलंही.

"असू दे, पोरी," मी म्हणालो, "एखाद्याचं होतं असं." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मी आशीर्वाद दिला.